न चालणारी सीडी : घरगुती उपाय कुठे तारतात, कुठे मारतात

मुंबई : लग्नाची जुनी सीडी हौसेने कपाटातून काढावी, प्लेअरमध्ये घालावी आणि पडद्यावर ‘नो डिस्क’ एवढीच अक्षरे उमटावीत, हा अनुभव आता घरोघरी येऊ लागला आहे. साधारणतः २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांतील लग्ने, मुंजी, बारशी आणि स्नेहसंमेलने याच तबकड्यांवर नोंदवली गेली. यांपैकी अनेकांची दुसरी प्रत कुठेही नाही. साहजिकच तबकडी अडली की टूथपेस्टपासून केळ्याच्या सालीपर्यंत ऐकीव उपायांचा मारा सुरू होतो. यातील काही उपायांना ठोस कारण आहे, काही निरुपयोगी आहेत, तर काहींमुळे उरलेसुरले चित्रणही कायमचे हातचे जाते. म्हणूनच उपाय करण्याआधी दोष नेमका कुठे आहे, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

माहिती कुठे असते?

फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी विकसित केलेली कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ मध्ये बाजारात आली. १२० मिलिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची ही तबकडी मुख्यतः पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकची असते. माहितीचा थर चकाकणाऱ्या खालच्या बाजूला असतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात सीडीमध्ये तो छापील बाजूच्या लगेच खाली असतो. त्यावर धातूचा अतिशय पातळ परावर्तक थर, त्यावर लाखेसारखा संरक्षक लेप आणि त्यावर छपाई, अशी ही रचना आहे. खालचे जाड प्लास्टिक हे केवळ खिडकीच्या काचेसारखे असते. लेसर किरण त्यातून आत जातो, परावर्तित होतो आणि परत येतो.

घरगुती उपायांची मर्यादा याच रचनेतून स्पष्ट होते. काच धुता येते, घासून काही प्रमाणात गुळगुळीतही करता येते. मात्र काचेमागचा मजकूरच खरवडला गेला असेल, तर कोणतीही पेस्ट किंवा मेण तो परत आणू शकत नाही. त्यामुळे सीडीच्या खालच्या बाजूवरील ठळक ओरखड्यापेक्षा छापील बाजूवरील बारीक ओरखडा अधिक घातक ठरतो.

डीव्हीडीची रचना थोडी निराळी आहे. प्रत्येकी ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या चिकटवून ती तयार होते आणि माहितीचा थर मध्यभागी सुरक्षित राहतो. ब्लू-रे तबकडीत मात्र माहितीवर केवळ ०.१ मिलिमीटरचे आवरण असते. त्यामुळे ब्लू-रे घासण्याच्या भानगडीत पडूच नये.

आधी निदान, मग उपचार

सर्वप्रथम दोष तबकडीचा की प्लेअरचा, हे ठरवावे. त्याच प्लेअरमध्ये दुसरी, चांगल्या स्थितीतील तबकडी लावून पाहावी. तीही अडखळत असेल, तर प्लेअरच्या भिंगावर धूळ बसली असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी बाजारात मिळणारी, बारीक कुंचले बसवलेली भिंग-सफाईची तबकडी वापरता येते. प्लेअर चालू असताना त्याचे झाकण उघडून भिंगाकडे पाहू नये. सीडी वाचणारा लेसर अवरक्त असल्याने डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, पण इजा करू शकतो.

दुसरी शक्यता तबकडी अपूर्ण राहिल्याची. घरच्या कॅमेऱ्यावर किंवा रेकॉर्डरवर नोंदवलेली डीव्हीडी शेवटी ‘फायनलाइझ’ करावी लागते. ती पायरी राहून गेल्यास तबकडी मूळ यंत्रावर चालते, इतरत्र मात्र कोरी असल्यासारखी दिसते. मूळ यंत्र चालू स्थितीत असेल, तर त्यावरच ही प्रक्रिया पूर्ण करावी. परदेशातून आणलेली चित्रपटाची डीव्हीडी चालत नसेल, तर कारण विभागीय संकेताचे असू शकते. भारताचा समावेश पाचव्या विभागात होतो, तर अमेरिकेतील डीव्हीडी पहिल्या विभागातील असतात. या दोन्ही बाबतीत घासूनपुसून काहीही साध्य होत नाही.

तिसरी तपासणी उजेडाची. सीडी दिव्यासमोर धरून छापील बाजूने पाहावे. टाचणीने टोचल्यासारखे प्रकाशाचे ठिपके दिसले, तर त्या जागचा परावर्तक थर निघून गेला आहे, असे समजावे. तेवढा भाग घरी दुरुस्त होत नाही. मात्र उर्वरित भाग वाचता येण्याची शक्यता कायम असते.

साबण-पाण्याचा साधा उपाय

बोटांचे ठसे, तेलकटपणा, धूळ आणि दमट हवेतील बुरशी ही तबकडी न चालण्याची नित्याची कारणे आहेत. त्यावर सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे कोमट पाणी आणि भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एखादा थेंब. तबकडी कडेने धरावी, खालची बाजू मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलक्या हाताने पुसावी, स्वच्छ पाण्याने धुवावी आणि टिपून कोरडी करावी. ती पाण्यात भिजत ठेवू नये. डाग निघत नसेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन वापरता येते.

पुसण्याची दिशा येथे महत्त्वाची आहे. हात मधल्या छिद्राकडून कडेकडे सरळ रेषेत फिरवावा, गोलाकार कधीही नाही. त्याचे कारण तबकडीच्या वाचनपद्धतीत आहे. माहिती आतून बाहेर जाणाऱ्या सर्पिलाकार मार्गावर असते आणि काही भाग वाचता आला नाही, तर तो भरून काढण्याची गणिती व्यवस्था तिच्यात असते. सीडीवरील या मार्गाचा सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा तुकडा सलग बिघडला तरी यंत्र मूळ माहिती पुन्हा जुळवू शकते. आडवा ओरखडा प्रत्येक फेरीत मार्गाला क्षणभरच छेदतो. गोलाकार ओरखडा मात्र मार्गाच्या बरोबरीने लांबवर धावतो आणि ही व्यवस्था तोकडी पडते.

टूथपेस्ट, जेली आणि केळ्याची साल

धुऊनही तबकडी अडत असेल आणि खालच्या बाजूवर ओरखडा दिसत असेल, तरच पुढचा विचार करावा. टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी अतिसूक्ष्म, सौम्य खरखरीत कण असतात. ते ओरखड्याच्या धारदार कडा बोथट करतात आणि त्यामुळे लेसरचे विखुरणे कमी होते. साधी, पांढरी पेस्ट घ्यावी. दात शुभ्र करण्याचा दावा करणारी किंवा दाणेदार पेस्ट टाळावी. ओरखड्यावर थोडी पेस्ट लावून मधून कडेकडे हलक्या हाताने काही मिनिटे घासावे, धुवावे आणि टिपावे. या उपायाने तबकडीवर नवे, बारीक चरे उमटतात, हे ध्यानात ठेवावे. म्हणूनच तो प्रथमोपचार नव्हे. शक्य असल्यास आधी निरुपयोगी तबकडीवर हात बसवून घ्यावा.

पेट्रोलियम जेलीचे तत्त्व वेगळे आहे. ती काही घासत नाही, केवळ ओरखड्याची खाच भरते. खाचेतील हवेमुळे लेसरचा मार्ग वळतो. जेलीचे प्रकाशीय गुणधर्म हवेपेक्षा प्लास्टिकला अधिक जवळचे असल्याने तो पुष्कळसा सरळ राहतो. अगदी पातळ थर लावून वरची जेली पूर्णपणे पुसून घ्यावी. अन्यथा वेगाने फिरताना ती उडून भिंगावर बसते. हा परिणाम तात्पुरता असतो. केळ्याच्या सालीमुळेही झालाच तर असाच काहीसा परिणाम होतो, पण चिकटपणा मागे राहतो. जेली उपलब्ध असताना सालीच्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

हे कटाक्षाने टाळावे

नेलपॉलिश काढण्याचे अॅसिटोन, थिनर आणि पेट्रोल यांच्या वापराने पॉलिकार्बोनेट धूसर होते, त्याला तडे जातात. उन्हात ठेवणे तर घरी नोंदवलेल्या तबकडीसाठी विशेष घातक. कारण तिच्यातील माहिती प्रकाशसंवेदनशील रंगद्रव्याच्या थरात असते. गोठवण्याच्या कप्प्यात तबकडी ठेवल्याने ओरखडा बुजत नाही. उलट बाहेर काढताच तिच्यावर दव साचते.

लग्नाच्या सीडीवर वधूवरांचे छायाचित्र असलेला कागदी स्टिकर अनेक छायाचित्रकार लावून देत. तो निघू लागला तरी ओढून काढू नये, कारण त्याच्यासोबत परावर्तक थरही उचकटून येतो. मधल्या छिद्रापाशी तडा गेलेली तबकडी संगणकाच्या वेगवान ड्राइव्हमध्ये घालू नये. मिनिटाला हजारो फेरे घेताना ती आतच फुटू शकते.

चालली की लगेच प्रत

उपायानंतर तबकडी चालू लागली, म्हणजे ती बरी झाली असे नव्हे. ती कदाचित शेवटचीच संधी असू शकते. त्यामुळे चित्रण पाहत बसण्याआधी संगणकावर प्रत करून घ्यावी. व्हिडिओ सीडीमध्ये ‘एमपीईजीएव्ही’ या फोल्डरमध्ये ‘डॅट’ प्रकारच्या फाइल असतात. त्या जशाच्या तशा उतरवल्या तरी व्हीएलसीसारख्या प्लेअरवर चालतात. एका ड्राइव्हने नकार दिला, तर दुसऱ्या बनावटीचा ड्राइव्ह वापरून पाहावा, कारण प्रत्येक यंत्राची वाचनक्षमता निराळी असते. वाचनाचा वेग कमी केल्यानेही फरक पडतो. डीडीरेस्क्यूसारखी मोफत प्रणाली खराब भाग तूर्त सोडून आधी चांगला भाग उतरवते आणि नंतर राहिलेल्या भागाकडे वळते. पूर्ण प्रत मिळाली नाही, तरी तासाभराच्या चित्रणातील पन्नास मिनिटे वाचणे हे काही न वाचण्यापेक्षा निश्चितच मोलाचे आहे. उतरवलेली प्रत किमान दोन ठिकाणी ठेवावी.

दमट हवेतील काळजी

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत तबकड्या दीर्घकाळ टिकवण्यासाठी ४ ते २० अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सुचवली आहे. कोकण, गोवा किंवा मुंबईच्या पावसाळ्यात सामान्य घराला हे शक्य नाही. दमट हवेची बाधा किती खोल जाऊ शकते, याचे उदाहरण २००१ मध्ये समोर आले. मध्य अमेरिकेतील बेलिझ या उष्ण, दमट देशातून आलेल्या एका सीडीचे प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम बुरशीने पोखरल्याचे स्पेनमधील संशोधकांनी दाखवून दिले होते.

त्यामुळे मूळ तबकड्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटांऐवजी कडक डब्यांत, उभ्या, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवाव्यात. मात्र दर पावसाळ्यागणिक धोका वाढत असल्याने आज चालणाऱ्या तबकड्यांचीही प्रत करणे हाच खरा उपाय आहे. बिघडलेल्या तबकडीवर अनेक उपाय करूनही जे साधत नाही, ते चालू तबकडीच्या बाबतीत अर्ध्या तासात होते.