पिशवी खालून फोडा
(लेखमाला : छापलेलं जग, लेखांक ६)

मृगाचा पाऊस पडला की परळी-बीड रस्त्यावरच्या सिरसाळ्यात कृषी सेवा केंद्रांपुढं मोटारसायकलींची रांग लागते. कोणतं वाण, काय भाव, उधारीवर देता का, एवढंच बोलणं. पिशवीला शिवलेली निळी नाहीतर हिरवी चिठ्ठी कुणी वाचत बसत नाही. दुकानदाराला गर्दीची घाई, गिऱ्हाइकाला वाफसा जायची धास्ती. गेल्या लेखांकात आपण बारकोडच्या रेघा पाहिल्या. या वेळी लेबल. साबणाचं लेबल वाचलं नाही तर फारसं बिघडत नाही. बियाण्याचं तसं नाही. माल बरा की वाईट हे कळायला आठवडा जातो, आणि तोवर तो मातीत गेलेला असतो.

आधी रंग. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा टॅग, पायाभूत बियाण्याला पांढरा, प्रमाणित बियाण्याला निळा. आपल्या राज्यात निळा टॅग अकोल्याची बीज प्रमाणीकरण यंत्रणा देते, म्हणजे बीजोत्पादनाच्या शेतात जाऊन कुणीतरी तपासणी केलेली असते. हिरवट लेबल सत्यप्रत बियाण्याचं. तिथं कंपनी स्वतःच स्वतःची हमी देते. हिरवं म्हणजे कमअस्सल असं समजायचं कारण नाही, पण उद्या प्रश्न आला तर जबाब कुणी द्यायचा, हे त्या रंगावरून ठरतं.

मग आकडे. सोयाबीनच्या टॅगवर उगवणशक्ती किमान ७० टक्के आणि भौतिक शुद्धता किमान ९८ टक्के असावी लागते. म्हणजे शंभरातले तीस दाणे उगवले नाहीत तरी कायद्याच्या लेखी बियाणं चोख! हे दुकानात कुणी बोलून दाखवत नाही. म्हणून तर कृषी सहायक दरवर्षी कंठशोष करतात की शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, आठवडाभरानं मोजा आणि मग पेरा. सोयाबीनचं टरफल नाजूक. पोती आपटली तरी आतला अंकुर दुखावतो. त्यामुळं टॅगवरची चाचणीची तारीख आणि मुदत या दोन ओळी मला वाणाच्या नावापेक्षा महत्त्वाच्या वाटतात. वाणाचं नाव जाहिरातीतही असतं. तारीख फक्त टॅगवर.

२०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून महाराष्ट्रभर तक्रारींचा पाऊस पडला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून त्याची दखल घेतली. त्याआधी, २०१२ मध्ये, राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं दोन गोष्टी स्पष्ट केल्या होत्या. बियाणं विकत घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, त्याला ग्राहक मंचात, म्हणजे आताच्या ग्राहक आयोगात, दाद मागता येते. आणि प्रयोगशाळेसाठी प्रत्येक शेतकऱ्यानं बियाणं राखून ठेवावं, अशी अपेक्षा धरता येत नाही. निकाल शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. तरीही तालुका समिती पंचनाम्याला बांधावर येते तेव्हा पहिला प्रश्न पिशवीचाच असतो. कृषी खात्याची सूचना त्यासाठीच आहे : पिशवी खालच्या बाजूनं फोडा. वर शिवलेला टॅग शाबूत राहतो, लॉट नंबर वाचता येतो. पेरणीच्या धांदलीत पिशवी वरून टर्रकन फाडली जाते, टॅग चिखलात, आणि त्याच्याबरोबर अर्धा पुरावाही.

हे सगळं छापतात कसं, ते आता पाहू. पिशवीवरचं रंगीत चित्र, म्हणजे कपाशीचं टपोरं बोंड आणि कंपनीचं नाव, कोरलेल्या सिलिंडरवरून छापलं जातं. एकेका रंगाला एकेक सिलिंडर. खर्च मोठा, म्हणून एकदा यंत्र चाललं की लाखांनी पिशव्या निघतात आणि सगळ्या तंतोतंत सारख्या. लॉट, तारीख, किंमत मात्र पॅकिंगच्या वेळी उमटवतात. कधी शाईचे बारीक थेंब उडवून, कधी रिबनवरची शाई उष्णतेनं वितळवून. लबाडीला वाव असतो तो याच पट्ट्यात. सगळी पिशवी खरी ठेवून फक्त तारीख पुसायची आणि नवी मारायची. म्हणून तारखेवरून एकदा अंगठा फिरवून बघावा. खाली जुन्या आकड्यांची सावली दिसली तर पिशवी परत.

डिजिटल छपाईनं इथं मोठा फरक पाडला. तिला ना सिलिंडर लागतो ना प्लेट. संगणकातली फाईल थेट कागदावर उतरते, त्यामुळं पहिल्या लेबलवर एक आकडा आणि दुसऱ्यावर दुसरा, असं छापायला वेगळा खर्च येत नाही. १९९३ मध्ये 'इंडिगो' कंपनीनं रंगीत डिजिटल छपाईयंत्र बाजारात आणलं तेव्हापासून हा मार्ग मोकळा झाला. केंद्राचं 'साथी' पोर्टल एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालं, त्याचा पायाही हाच. टॅगवरच्या क्यूआर कोडमधून बियाणं कुठं तयार झालं, कुणाच्या हातून आलं, याचा माग काढायचा.

पण क्यूआर आहे म्हणजे बियाणं अस्सल, असं धरून चालू नका. खऱ्या टॅगचा फोटो काढून हजार नकला छापणं आता अवघड राहिलेलं नाही. ज्या यंत्रानं लेबल हुशार झालं त्यानंच नकलाही स्वस्त केल्या. नकली टॅगचा कोडही खऱ्याच पानावर नेईल. म्हणून स्क्रीनवरचा लॉट, टॅगवरचा लॉट आणि पावतीवरचा लॉट हे तिन्ही जुळवून पाहायचे. पावती पक्कीच मागायची. आणि ती गुळगुळीत कागदावरची असेल तर त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढायचा. तो कागद उष्णतेनं काळा होणाऱ्या लेपाचा असतो, शाईचा नसतो. उन्हात, नाहीतर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला की सोयाबीन काढणीला येईपर्यंत त्यावरचं अक्षर विरून जातं.

बियाण्याचं झालं, आता फळाचं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथं लेबलचा प्रश्न जरा गमतीचा आहे. सफरचंदाला स्टिकर लावतात तसं सीताफळाच्या खडबडीत डोळ्यांवर काही चिकटत नाही, म्हणून लेबल खोक्यावर, नाहीतर गराच्या डब्यावर. पूर्वी छापखान्यात कुणी पाचशे लेबलं मागितली की प्लेटचाच खर्च अंगावर यायचा. डिजिटल यंत्रावर बचत गटाला दोनशेही छापून मिळतात. मात्र मानांकनाचं नाव वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, आणि गराच्या डब्यावर अन्न सुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांकही. चित्र सुंदर आणि क्रमांक गायब, असे डबे मी प्रदर्शनांत पुष्कळ पाहिले आहेत.

पुढच्या आठवड्यात खताची गोणी. २०२२ पासून अनुदानित युरियाच्या सगळ्या गोण्यांवर 'भारत' हे एकच नाव मोठ्या अक्षरांत आलं, आणि कारखान्याचं नाव कोपऱ्यात गेलं. ते का, ते तेव्हा पाहू.