चाळीस मिनिटं

आमच्या घरी आजोबांची हातबत्ती आहे. तिच्या पत्र्यावर ‘बी.एन.आर.’ अशी अक्षरं उठवलेली आहेत: बंगाल-नागपूर रेल्वे. आजोबा नागपूरला मोतीबागेच्या शेडमध्ये फिटर होते. हीच अक्षरं पुरीच्या समुद्रकाठी एका हॉटेलच्या नावात अजून आहेत असं कळलं आणि मी निघाले.

कंपनी निघाली १८८७ मध्ये. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी मीटरगेज लाइन तिनं घेतली, ब्रॉडगेज केली आणि १९०० मध्ये हावड्याशी जोडली. पुरीला रेल्वे पोचली १८९७ मध्ये. तोवर जगन्नाथाला माणसं बैलगाडीनं नाहीतर पायी जात; आता तिसऱ्या वर्गाचे डबे यात्रेकरूंनी भरू लागले. १९२५ मध्ये कंपनीनं पुरीत हॉटेल थाटलं, ते मात्र समुद्राची हवा खायला येणाऱ्या साहेबलोकांसाठी. यात्रेकरू धर्मशाळेतच उतरत राहिले. आजोबाही तिथंच उतरले होते.

हॉटेलचे व्हरांडे ऐसपैस आहेत, वारा खारा आहे. पण मला धरून ठेवलं ते जळत्या साखरेच्या वासानं. त्या वासामागून मी स्वयंपाकघराच्या दारात गेले. आचारी कॅरॅमल कस्टर्ड करत होते. जुन्या रेल्वे हॉटेलांत जेवणाचा शेवट याच पदार्थानं होई.

“चाळीस मिनिटं,” ते म्हणाले. “घाई असेल तर आइस्क्रीम घ्या, दीदी.”

दूध तापवून, अंडी-साखर घालून, गाळून त्यांनी साच्यांत ओतलं. साच्यांच्या तळाशी साखर होती, खजुराच्या रंगावर नेलेली. आणखी क्षणभर आचेवर राहती तर कडू झाली असती. साचे गरम पाण्याच्या परातीत बसले, आच मंदावली. मग आचारी परातीपासून हललेच नाहीत. पाण्याच्या कडेला बुडबुडा दिसला की थोडं गार पाणी सोडायचे.

“पाणी उकळलं की आत भोकं पडतात. वरून दिसत नाहीत, चमचा घातला की कळतं.”

घड्याळाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी पाहिलं. चाळीस मिनिटं.

१९४४ मध्ये कंपनी सरकारजमा झाली. हॉटेल पुढं रेल्वेकडे राहिलं, नंतर खासगी व्यवस्थापनाकडे गेलं. व्हरांड्यात बसणारे सतत बदलत आले. परातीपाशी मात्र कायम कुणीतरी उभं होतं, जसं मोतीबागेत इंजिनापाशी आजोबा. या वास्तूचा थाट मला तरी अशा उभ्या माणसांचाच वाटतो.

थंड झालेला साचा त्यांनी बशीत उलटा केला. तपकिरी पाक ओघळला. वरच्या लकाकीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. वाकून ते कडा न्याहाळत होते.

“एकही भोक नाही,” म्हणाले, आणि बशी माझ्याकडे सरकवली.

आजोबांच्या वाट्याची म्हणून मी ती सावकाश संपवली.