जुनी टाकी घेताय? रंग नाही, जोड पाहा!

अकोल्यात सरकी तेलाची मिल टाका की अमरावतीत नांदगाव पेठच्या एमआयडीसीत युनिट, सुरुवातीला भांडवल कमीच असतं. मग आपण जुनी स्टीलची टाकी शोधतो. विकणारा म्हणतो, "भाऊ, टाकी टणक हाये, रंगबी नवाच मारला." इथेच थांबा. रंगाखाली वेल्डिंगचा तडा दिसत नाही.

2 जानेवारी 1988 ला अमेरिकेत पिट्सबर्गजवळ ॲशलँड ऑइल कंपनीची टाकी फुटली. ही जुनी टाकी दुसऱ्या शहरातून सुटी करून आणून पुन्हा जोडलेली होती. वेल्डजवळ एक छोटा, जुना दोष होता. पूर्ण उंचीपर्यंत पाणी भरून चाचणी केलीच नव्हती. टाकी भरली आणि कडाक्याच्या थंडीत उभी चिरली. दीड कोटी लिटरच्या आसपास डिझेल सांडलं, त्यातलं बरंच नदीत गेलं. पुढे 1991 मध्ये वापरातल्या टाक्यांसाठी एपीआय 653 हे मानक आलं.

आपल्याकडे तेलाच्या उभ्या टाक्या बांधायला आयएस 803 आहे, तपासणीला ओआयएसडी 129. डिझेल एकूण 2,500 लिटरच्या आत आणि एका भांड्यात 1,000 लिटरच्या आत असेल, तर साठ्याचा परवाना लागत नाही. त्यापुढे पेसोचे नियम पाहा. त्यांचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

सौद्याआधी एवढं करा:

1. कागद मागा. पत्र्याची मूळ जाडी किती, आधी आत काय साठवलं होतं? केमिकलची टाकी खाद्यतेलाला नको.
2. डिझेलची टाकी असेल तर गॅस-फ्री तपासणीशिवाय आत उतरू नका, वेल्डिंग-ग्राइंडर तर लावूच नका. स्फोट होतो.
3. अल्ट्रासोनिक गेजने जाडी मोजून घ्या. तळ आधी गंजतो.
4. रंग खरवडून जोडांवर डाय पेनिट्रंट मारा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. तळ आणि भिंतीचा जोड सोडू नका.
5. टाकी बसवल्यावर हळूहळू पाणी भरा. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ही खरी परीक्षा. रिकामी करताना वरचा व्हेंट उघडा ठेवा, नाहीतर टाकी आत चेपते.

तपासणीचा खर्च टाकीच्या किमतीतच धरा. विकणारा तपासायला नाही म्हणाला, तर सौदा सोडा. आधी पाणी, मग तेल!