भविष्यनिर्वाह निधीतून पहिले घर : हिशेब आजचा आणि साठीनंतरचा

'घर पाहावे बांधून' असे म्हणतात ते उगीच नव्हे. करमाळ्यासारख्या तालुक्याच्या गावी नोकरदार माणूस आधी दोन-तीन गुंठे जागा घेतो आणि मग सवडीने बांधकामाला हात घालतो. पैसा अपुरा पडू लागला की त्याची नजर हमखास भविष्यनिर्वाह निधीकडे वळते. आदिनाथ व मकाई या तालुक्यातील सहकारी साखर कारखान्यांचा कामगार असो वा पतसंस्थेतील कारकून, त्याच्या नावावरची सर्वांत मोठी शिल्लक बहुधा हीच असते. ती घरासाठी वापरावी का, याचे उत्तर नियम आणि हिशेब या दोहोंत दडलेले आहे.

कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीची योजना १९५२ सालची. तिच्या परिच्छेद ६८-ब नुसार पाच वर्षांच्या सदस्यत्वानंतर जागेसाठी २४ महिन्यांच्या, तर घराच्या खरेदीसाठी वा बांधकामासाठी ३६ महिन्यांच्या मूळ वेतन व महागाई भत्त्याइतकी रक्कम काढण्याची तरतूद करण्यात आली. ही रक्कम परत भरावी लागत नाही. मात्र खात्यातील शिल्लक किंवा घराचा खर्च त्याहून कमी असेल, तर तीच मर्यादा ठरते. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्रीय विश्वस्त मंडळाने रक्कम काढण्याच्या १३ तरतुदी तीन गटांत आणण्याचा, किमान सेवा १२ महिने करण्याचा आणि २५ टक्के रक्कम खात्यात राखून ठेवण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे अर्जाच्या दिवशी लागू असलेली मर्यादा पाहूनच पुढे जावे.

शिक्षक व सरकारी कर्मचाऱ्यांची गोष्ट वेगळी. राज्यात १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर नेमणूक झालेल्यांपैकी बहुतेकांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना लागू झाली. तिच्यातून घरासाठी स्वतःच्या वर्गणीच्या २५ टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते. त्यावरील वाढ आणि सरकारचा वाटा त्यात धरला जात नाही. वडिलोपार्जित मालमत्ता वगळता आधीच स्वतःचे घर असेल, तर तीही मिळत नाही. म्हणजे ही सवलत खऱ्या अर्थाने पहिल्या घरासाठीच आहे.

खरी अडचण अनेकदा जागेच्या कागदात निघते. भविष्यनिर्वाह निधीच्या नियमानुसार घर सदस्याच्या, पती-पत्नीपैकी दुसऱ्याच्या किंवा दोघांच्या संयुक्त नावे हवे. भावांच्या सामाईक जागेवर बांधण्यासाठी ही रक्कम मिळू शकत नाही. सातबारा उताऱ्यावर चार भावांची नावे असतील, तर आधी वाटणी आणि नंतर अर्ज, हाच क्रम योग्य. २०१७ पासून अर्जासोबत कागदपत्रांऐवजी स्वयंघोषणा पुरेशी ठरली. त्यामुळे काम सोपे झाले, पण कागद तपासण्याची जबाबदारी सदस्यावरच आली. जागा बिगरशेती आहे का, तिच्यावर बोजा आहे का, हे पैसे काढण्यापूर्वीच पाहिले पाहिजे. रक्कम अन्य कारणासाठी वापरल्यास ती दंडव्याजासह वसूल करण्याची तरतूद नियमांत करण्यात आली होती, हेही ध्यानात असावे.

आता हिशेब. समजा, ३८ वर्षांच्या कामगाराने पाच लाख रुपये काढले. २०२४-२५ चा ८.२५ टक्के व्याजदर कायम राहिला असे धरले, तर हीच रक्कम ५८ व्या वर्षी सुमारे २४ लाख ४० हजार रुपये झाली असती. हा आकडा पाहून अनेक जण कर्जच बरे म्हणतात. परंतु पाच लाखांच्या कर्जाला साडेआठ टक्के दराने वीस वर्षे दरमहा सुमारे ४,३४० रुपयांचा हप्ता पडतो. निधीतून पैसे घेतल्याने वाचलेली हीच रक्कम दरमहा त्याच व्याजदराने साठवली, तर वीस वर्षांत सुमारे २५ लाख रुपये जमतात. निधीला हात लावल्याने नुकसान होतेच असे नाही. वाचलेला हप्ता खर्चून टाकला तर मात्र ते अटळ आहे. वेतनातून ऐच्छिक वाढीव वर्गणी कापून घेण्याची सोय त्यासाठीच उपयोगी पडते.

ही शिस्त किती मोलाची, हे निवृत्तिवेतनाच्या आकड्यावरून कळते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत २०१४ साली किमान निवृत्तिवेतन दरमहा एक हजार रुपये ठरवण्यात आले. एवढ्यात औषधपाणीही भागणे कठीण. त्यामुळे पन्नाशी ओलांडलेल्याने सारी शिल्लक विटा-सिमेंटमध्ये घालणे धोक्याचे. साठवण भरून काढायला त्याच्या हाती वर्षेच उरलेली नसतात. त्याने घर थोडे लहान बांधावे, वरचा मजला पुढच्या पिढीवर सोपवावा. तिशी-पस्तिशीतल्या माणसाने मात्र निधीचा आधार घ्यायला हरकत नाही. अट एवढीच, की गृहप्रवेशानंतरच्या पहिल्याच पगारापासून त्याने वाढीव वर्गणी सुरू करावी.