समुद्रशेवाळाचे मणी : पेशींना कामावर टिकवणारी जाळी

सुती कापडावर रिअॅक्टिव्ह रंगांनी छपाई करणाऱ्या कारागिराला सोडियम अल्जिनेटची पूड नवी नाही. रंग पसरू नये, नक्षीची कड स्वच्छ उठावी म्हणून रंग दाट करायला ती वापरतात. स्टार्चची खळ घातली तर रंग तिच्याशीच बांधला जातो; अल्जिनेटशी तो फारसा बांधला जात नाही आणि कापडाला पुरेपूर मिळतो. पण याच पुडीचा दुसरा उपयोग आपल्या बहुतेक बांधवांना ठाऊक नसतो. तिच्या मण्यांत जिवंत पेशी कोंडून त्यांच्याकडून काम करून घेता येते. त्याची ओळख आज आम्ही करून देत आहोत.

मणी कसा बनतो?

अल्जिनेट तपकिरी समुद्रशेवाळातून निघते. ब्रिटिश रसायनतज्ज्ञ स्टॅनफर्ड यांनी १८८१ च्या सुमारास ते प्रथम वेगळे केले. सोडियम अल्जिनेट पाण्यात विरघळते, कॅल्शियम अल्जिनेट विरघळत नाही. सारी करामत एवढ्यात आहे. शंभर मिलिलिटर पाण्यात दोन ग्रॅम पूड घोटावी, त्यात यीस्ट कालवावे आणि सुई काढलेल्या सिरिंजने थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडावे. थेंब पडताच त्याचा मणी होतो. या जाळीच्या छिद्रांतून साखरेसारखे लहान कण आत-बाहेर जातात, यीस्टची पेशी मात्र आतच राहते.

जिलेटिनही गोठते, पण ते जनावरांच्या कातडी-हाडांतून येते आणि ऊब लागताच वितळते. शिवाय ते कोणत्या जनावराचे, हा प्रश्न आपल्या ग्राहकाला पडतोच. शेवाळाच्या जेलपुरता तो प्रश्न उरत नाही.

फायदा कशात?

एरवी पेशी मालात मिसळलेल्या असतात. माल तयार झाला की त्या गाळून टाकायच्या आणि पुढच्या घाणीला नव्या वाढवायच्या. म्हणजे रोज कारागीर नेमायचा आणि संध्याकाळी घालवून द्यायचा! मण्यांत पेशी नळीत भरून ठेवता येतात. वरून कच्चा माल सोडावा, खालून पक्का घ्यावा, कारागीर जागेवरच.

जपानच्या तानाबे सेइयाकू कंपनीत इचिरो चिबाता व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली हे व्यापारी प्रमाणावर केले. जिवाणूंच्या पेशी अडकवून त्यांनी अॅस्पार्टिक आम्ल बनवले. सुरुवातीला जाळी पॉलिअॅक्रिलअमाइड या कृत्रिम पदार्थाची होती. तिच्यात पेशींचे बळ सुमारे १२० दिवसांत निम्म्यावर येई. १९७८ मध्ये त्यांनी लाल समुद्रशेवाळातले कॅराजीनन घेतले. ते कॅल्शियमऐवजी पोटॅशियमने घट्ट होते. वर आणखी घट्ट करणारी रसायने वापरल्यावर हाच काळ जवळजवळ दोन वर्षांवर गेला. पेशी त्याच, फक्त घर बदलले.

वैद्यकातही हे तंत्र पोचले. १९८० मध्ये लिम आणि सन यांनी इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी अल्जिनेटच्या वेष्टणात घालून मधुमेही उंदरांत सोडल्या. या उंदरांची रक्तशर्करा जवळजवळ तीन आठवडे ताब्यात राहिली.

रंगाऱ्याने काय पाहावे?

आता आपल्या धंद्याकडे येऊ. कापडाच्या सांडपाण्यातला रंग काढण्यासाठी बुरशी आणि जिवाणू मण्यांत अडकवून प्रयोगशाळांत पुष्कळ प्रयोग झाले आहेत. सांडपाण्यापायी धंदा बंद पडण्याची भीती ज्याच्या डोक्यावर आहे, त्याला ही बातमी गोड वाटणारच. म्हणूनच आम्ही सावध करतो. मणी विकायला कोणी आला, तर पैसे मोजण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, मणी आपल्या पाण्यात टिकतो का? रिअॅक्टिव्ह रंगाईत मीठ आणि सोडा भरपूर पडतो. मिठातले सोडियम मण्यातल्या कॅल्शियमची जागा घेते, सोडाही कॅल्शियम ओढून घेतो, आणि मणी मऊ होऊन फुटतो. फॉस्फेटनेही तेच होते. नळाच्या पाण्यात दाखवलेला नमुना पुरावा मानू नये. स्वतःच्या हौदातले पाणी बरणीत घेऊन त्यात मणी काही दिवस ठेवावेत.

दुसरी, रंग खरेच तुटतो की मणी तो नुसता शोषून घेतो? शेजारी पेशी नसलेले, रिकामे मणीही ठेवावेत. दोन्ही बरण्यांतले पाणी सारखेच फिके झाले, तर पेशींनी काम केले असे म्हणता येत नाही. मणी भरले की तो शोषही थांबेल.

तिसरी, उतरलेले पाणी निर्दोष आहे का? अॅझो जातीचे रंग तुटल्यावर अमाइन जातीची द्रव्ये उरू शकतात, आणि त्यांतली काही घातक असतात. पाणी स्वच्छ दिसले म्हणजे स्वच्छ झाले असे नव्हे. उतरलेल्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी.

मणी पेशींना कसे सांभाळतो, हे ज्याला डोळ्यांनी पाहायचे असेल त्याने वरच्या रीतीने यीस्टचे मणी करावेत, धुवावेत आणि औषधाच्या दुकानातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये पाणी घालून त्यात सोडावेत. द्रावण हाताला लागू देऊ नये. मणी आधी तळाशी जातात, मग प्राणवायूचे बुडबुडे धरून वर येतात. काढून, धुऊन पुन्हा सोडले तरी ते पुन्हा काम करतात.

आम्ही कोणाला यात लगेच भांडवल घालायला सांगत नाही. पण जी पूड आपण गोणीने विकत घेतो, तिच्या अंगी काय काय गुण आहेत हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. ज्याला मालाचा गुण कळतो, त्याला फसवणे अवघड.