गाडीतला स्पीकर

मुलांनो, दरवर्षी फेब्रुवारीत परभणीला हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. जिंतूर, पाथरी, गंगाखेडहून माणसे पिकअप गाडीने येतात. वाटेत कव्वाली चालू असते. पण गाडीबरोबर आलेला स्पीकर जुना झाला, की आवाज फाटतो. त्याचा कागदी पडदा उन्हाने कडक होऊन चिरतो. मग मालक नवा आणतो.

तो किती वॅटचा, हे सगळे विचारतात. किती ओहमचा, हे कोणी विचारत नाही! गाडीतले स्पीकर बहुधा ४ ओहमचे असतात. त्या जागी २ ओहमचा लावला, तर दुप्पट प्रवाह ओढला जातो. प्लेअर तापतो, कधी जळतोही.

तारांची गंमत वेगळीच आहे. सुट्या स्पीकरला १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहा. पडदा बाहेर सरकला, तर सेलच्या धन टोकाला लागलेले टोक धन समजा. एका दारातल्या तारा उलट जोडल्या, तर एक पडदा बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो. दोघांच्या लहरी एकमेकींना खोडतात. कव्वालाचा गळा ऐकू येतो, पण ढोलकाचा घुमारा हरवतो. अशा वेळी दुकानदाराशी भांडायला धावू नका. आधी एकाच स्पीकरच्या दोन तारांची अदलाबदल करून ऐका.