माळढोकाचा माळ व मधलीं शेतें

सोलापुराहून बार्शीच्या वाटेनें निघालें म्हणजे नान्नजचा माळ लागतो. हा माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याचा भाग होय. अभयारण्य म्हटलें कीं एकसंध रान डोळ्यांपुढें येतें. येथें तसें नाहीं. सोलापूर व अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) या जिल्ह्यांत गवताळ माळाचे तुकडे विखुरलेले असून त्यांच्या मधें आपलीं शेतें आहेत. १९७९ सालीं सरकारनें सुमारें ८,४९६ चौरस किलोमीटर मुलूख अभयारण्य ठरविला. त्यांत खाजगी जमिनीहि आल्या. व्यवहार अडले, लोक त्रासले. २०१२ सालीं तें क्षेत्र सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरवर आणिलें गेलें. पण कागदावरील रेषा पाहून पक्षी उडत नाहीं.

माळढोकाची मादी एका विणीस बहुधा एकच अंडें घालते, तेंहि उघड्या जमिनीवर. त्यामुळें झालेली घट लवकर भरून येत नाहीं. त्यांतून थोडे पक्षी एकाच तुकड्यांत कोंडले गेले, तर नात्यांतल्या नात्यांत वीण होऊन प्रजा दुर्बळ होते. वर्षानुवर्षें एकच वळू ठेवल्यानें गाईंच्या खिल्लाराचें काय होतें, हें वाचकांस सांगावयास नको.

हे तुकडे जोडण्याचें काम पूर्वीं आपली रब्बी ज्वारीच करीत असे. पेरणी भाद्रपद-आश्विनांत, म्हणून पावसाळाभर शेत मोकळें. आणि पक्ष्याच्या विणीचे दिवसहि तेच. नाकतोडे, भुंगेरे वेचीत तो शेताशेतांतून हिंडे. पुढें उजनीचें व विहिरींचें पाणी वाढलें, ऊंस आला. नान्नज तर द्राक्षांसाठींच नांवाजलें. दाट पिकांत व मांडवांत हा जड पक्षी उतरत नाहीं. विजेच्या तारा तर त्याचा काळच. डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यानें समोरची तार त्यास वेळीं दिसत नाहीं, आणि दिसली तरी चटकन वळतां येत नाहीं. माळावर गिरिपुष्पासारखीं झाडें लावणें हाहि एक गैरसमजच. त्यानें माळ उलट बंद होतो.

बागाइती मोडा, असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु दोन कुरणांच्या मधें ज्यांची कोरडवाहू जमीन आहे, त्यांनीं बांधावरील मारवेल, पवना राखावा; पडीक व गायरान नांगरूं नये; विणीच्या दिवसांत कुत्रीं मोकळीं सोडूं नयेत. नवी वीजवाहिनी येणार असेल, तर ती जमिनीखालून नेण्याची मागणी ग्रामसभेंत करावी. काळवीट पीक खातो हें खरें. त्याचा पंचनामा वेळींच करून घ्यावा. माळढोक आतां नान्नजलाहि क्वचितच दिसतो, पण लांडगा व काळवीट अजून याच बांधांवरून एका माळावरून दुसऱ्या माळावर जातात.